वस्तू कशाची आहे हे ठाऊक नसते तेव्हा

गेल्या अंकात संग्रहालयातील वस्तूंच्या जतनाविषयी जे टिपण प्रसिद्ध झाले, त्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : वस्तू कशाची बनली आहे हेच कळत नसेल, तर तिच्यावर उपचार कसा करणार? त्यांतील निवडक पत्रांना सोलापुरात वस्तुसंवर्धनाचे काम करणाऱ्या आमच्या स्तंभलेखिकेने दिलेली ही उत्तरे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिकवते. मुलांना घेऊन एका संग्रहालयात गेले असता, कपाटातील पांढरट फणी हस्तिदंती आहे का, असे एका मुलीने तिथल्या संवर्धकांना विचारले. ‘अजून सांगता येत नाही, पाहतो आहोत,’ असे ते म्हणाले. परतताना मुले मला म्हणाली, मग हे तज्ज्ञ कसले? मला उत्तर सुचले नाही. (एक शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर : त्या मुलीचा प्रश्न चांगला होता आणि तिला मिळालेले उत्तरही चांगलेच होते. पिवळसर पांढरी, गुळगुळीत जुनी फणी हस्तिदंताची असू शकते, हाडाची असू शकते, दुधातल्या केसीनपासून केलेल्या प्लास्टिकची असू शकते आणि सेल्युलॉइडचीही असू शकते. सेल्युलॉइड १८७० च्या सुमारास अमेरिकेत निघाले ते मुळात हस्तिदंताला पर्याय म्हणूनच, त्यामुळे ते बनवणाऱ्यांनी हस्तिदंतातल्या रेघासुद्धा त्यात उतरवल्या. दुरून पाहणाऱ्याची फसगत व्हावी हाच त्या मालाचा हेतू होता आणि दीडशे वर्षांनंतरही तो सफल होतो आहे.

आमची पाहणी सुरू होते ती वस्तूला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने. भिंगाखाली हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदून जाणाऱ्या कमानदार रेषांची जाळी दिसते. हाडात सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या नळ्या असतात, त्यांत मळ बसून बारीक काळे ठिपके तयार होतात. सेल्युलॉइडमधल्या नकली रेघा मात्र वहीच्या पानावर आखल्यासारख्या सरळ आणि समांतर असतात. पण फणी लहान असते, छेद दिसेल अशी बाजू झिजलेली असते, आणि मग भिंग हातात असूनही माणूस गप्प बसतो.

अशा वेळी वस्तूचे शेजारी कामाला येतात. एका कुटुंबाकडून आलेली पत्र्याची शृंगारपेटी मला आठवते. झाकण उघडताच आधी कापराचा वास आला आणि त्याच्यामागून नाकाला झोंबणारा आंबूस दर्प. तळाशी अंथरलेला कागद बरोबर फणीच्या आकारात तपकिरी पडून पापडासारखा झाला होता. फणीला टेकून असलेल्या पितळी आकड्यावर हिरवी बुरशी दिसावी तसा गंज होता, तर पेटीच्या दुसऱ्या कोपऱ्यातला तसलाच आकडा जवळजवळ नवा होता. सेल्युलॉइड म्हणजे कापूर घालून मऊ केलेले सेल्युलोज नायट्रेट. ते विघटित होऊ लागले की त्यातून नायट्रोजनची आम्लधर्मी वाफ निघते आणि ती आसपासच्या कागदाला व धातूला खाते. फणीला हात लावण्यापूर्वीच पेटीने अर्धे निदान सांगितले होते.

जुन्या पुस्तकांत अशा ठिकाणी तापवलेली सुई टोचून वास घेण्याची युक्ती दिलेली असते. ती वापरू नये. सुईचे भोक कायमचे राहते, आणि सेल्युलॉइड भपकन पेट घेते. शिवाय हस्तिदंत ठरवण्याला कायद्याची बाजू आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे नोंदवहीत ‘हस्तिदंत’ हा शब्द लिहिला की तो केवळ वर्णनाचा शब्द राहत नाही. म्हणून जोवर खात्री नाही तोवर आम्ही ‘हस्तिदंतासारखी दिसणारी, पिवळसर पांढरी सामग्री’ असे लांबलचक लिहितो आणि त्यापुढे कोणत्या खुणा पाहिल्या, कोणत्या दिसल्या नाहीत, हेही लिहितो. दरम्यान फणी धातूपासून दूर, थंड आणि हवा खेळती असलेल्या जागी, आम्ल नसलेल्या कागदावर ठेवता येते. ती घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करायची नाही, कारण सेल्युलॉइड असेल तर त्याचीच वाफ त्याला अधिक लवकर खाऊन टाकते. हा निर्णय ती हस्तिदंताची निघाली तरी चुकीचा ठरत नाही, फक्त त्या खोलीची हवा फार कोरडी होऊ द्यायची नाही. निदान लांबले तरी काळजी लांबवावी लागत नाही, हे मुलांना जरूर सांगावे.

प्रश्न : माझे वडील गिरणीत साचेवाले होते. त्यांचा धोटा, साच्यावर धोट्याला धक्का देणारा चामडी पिकर आणि चौकडीच्या चादरीचा एक तुकडा मी एका संग्रहालयाला दिला. वर्ष उलटले तरी धोट्यावरचे तेल आणि चादरीवरचा मळ तसाच आहे. निदान धुऊन ठेवायला काय हरकत होती? (एक वाचक, जुनी मिल परिसर)

उत्तर : आपली तक्रार मी समजू शकते, कारण घरातली वस्तू आपण दुसऱ्याच्या हाती देतो तेव्हा ती नीटनेटकी दिसावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आपण दिलेल्या तीन वस्तू म्हणजे किमान सहा-सात सामग्री आहेत. धोट्याचे लाकूड, त्याच्या टोकांचे पोलाद, यंत्राचे तेल, त्यात रुतलेली कापसाची तूस आणि हाताचा घाम हे सगळे एकजीव झालेले असते. जिथे वर्षानुवर्षे अंगठा टेकला तिथे लाकूड काळपट आणि चकचकीत होते. तो मळ नव्हे, ती आपल्या वडिलांच्या हाताची नोंद आहे. ती कुठे संपते आणि नुसता मळ कुठे सुरू होतो, हे ठरल्याशिवाय कापसाचा बोळाही फिरवता येत नाही.

पिकर बहुधा म्हशीच्या कच्च्या कातड्याचा असतो. कमावलेले चामडे आणि कच्चे कातडे यांत फरक असा की कच्चे कातडे पाणी पिऊन मऊ होते आणि वाळताना आखडून वाकडे होते. पाण्याने धुतलेला पिकर पुन्हा पिकरासारखा दिसत नाही.

राहिला चादरीचा तुकडा. सोलापुरात चादर धुणे ही काही शिकवण्याची गोष्ट नाही, असे आपल्याला वाटत असेल, आणि वापरातल्या चादरीपुरते ते बरोबरच आहे. परंतु एकाच तुकड्यात चार रंगांचे सूत असले तर ते चारही एकाच जातीच्या रंगाने रंगवलेले असतील असे नाही. लाल पक्का आणि त्याच्या शेजारचा गुलाबी कच्चा, असे हमखास आढळते. म्हणून प्रत्येक रंगाच्या एका धाग्यावर, तोही उलट्या बाजूला, ऊर्ध्वपातित पाण्याचा एक थेंब ठेवून वर टिपकागद आणि हलके वजन ठेवावे लागते. पाण्याला रंग टिकला तर साबणाच्या द्रावणाने तेच पुन्हा करायचे. काळ्या-तपकिरी सुताबाबत वेगळीच धास्ती असते. तो रंग लोखंडाचे क्षार आणि टॅनिन यांपासून केला असेल, तर धागा आतून कुजलेला असतो आणि ओला झाला की विरून जातो.

एक प्रयोग मात्र निरुपद्रवी आहे, तो म्हणजे अतिनील प्रकाशात कापड पाहण्याचा. पांढरे सूत निळसर चमकले तर त्यात दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आलेली चकाकी आणणारी रसायने आहेत असे समजते. पण ही रसायने धुण्याच्या पावडरीतही असतात. म्हणजे कापडच अलीकडचे आहे, की जुने कापड आपल्या आईने नव्या पावडरीने धुतले, हे तो प्रकाश सांगत नाही. ते आपणच सांगू शकता. घरी चादर रिठ्याने धूत होते की सोड्याने की पावडरीने, ती किती वर्षे वापरात होती आणि केव्हा ट्रंकेत गेली, हे चार ओळींत लिहून संग्रहालयाकडे पाठवा. देणाऱ्याला हा प्रश्न विचारण्याचे आमच्याकडून बरेचदा राहून जाते आणि मग तेच उत्तर आम्ही महागड्या उपकरणांत शोधत बसतो. खळ कोणती दिली असावी हे पूर्व भागातल्या एका वयस्क पद्मशाली विणकराने नुसते बोटांत कापड चोळून मला सांगितले होते, आणि पुढे सूक्ष्मदर्शकाने त्यांच्याच बाजूने साक्ष दिली.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. आजकाल हातात धरण्याजोगी, क्ष-किरणांनी तपासणी करणारी एक्सआरएफ यंत्रे मिळतात. वस्तूवर धरले की काही सेकंदांत कोणती मूलद्रव्ये आहेत ते कळते. मग अनिश्चितता उरतेच कुठे? (एक विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : यंत्राने सांगितलेले उत्तर आणि आपण विचारलेला प्रश्न हे एकच आहेत का, तिथे ती उरते. समजा, जुन्या टोपीवरच्या जरीवर आपण यंत्र धरले आणि चांदी, तांबे व किंचित सोने असे उत्तर आले. आता चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा आहे, की तांब्याच्या तारेवर आधी चांदी आणि मग सोने चढवले आहे, की काही तारा एका प्रकारच्या आणि काही दुसऱ्या? यंत्र त्याच्या नजरेखालच्या सगळ्या थरांची बेरीज करून देते. तार ज्या धाग्यावर गुंडाळली तो रेशमी की सुती, हे त्याला दिसत नाही, कारण कार्बन आणि हायड्रोजन यांसारखी हलकी मूलद्रव्ये त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. मेण, डिंक, लाख, प्लास्टिक यांच्यासाठी इन्फ्रारेड किरणांचे उपकरण लागते आणि तेही दोन-तीन पदार्थ मिसळलेले असले की गोंधळते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील संवर्धन केंद्र किंवा लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा अशा ठिकाणी नमुना पाठवायचा झाला, तरी ‘हे काय आहे?’ असे विचारून भागत नाही. ‘हा लेप लाखेचा आहे की तेलाचा?’ असे विचारावे लागते.

आपल्याला आवडेल अशी एक उलटी गोष्ट सांगते. पदार्थ कोणता हे मुळीच न कळता तो घातक आहे का, हे कळू शकते. नवे कपाट करताना प्लायवूड, रंग, चिकटवायचा पदार्थ, आतले बनातीचे अस्तर या सगळ्यांबद्दल दुकानदार ‘काही होत नाही’ एवढेच सांगतो. ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये यावर एक साधी परीक्षा मांडली. त्या मालाचा छोटा तुकडा काचेच्या नळीत ठेवायचा, सोबत चांदी, तांबे आणि शिसे यांच्या घासून स्वच्छ केलेल्या पट्ट्या आणि थोडे पाणी ठेवायचे, नळी बंद करून ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायची. शिशावर पांढरी भुकटी आली तर लाकडातून सेंद्रिय आम्ले सुटत आहेत, चांदी काळी पडली तर बनातीत गंधक आहे, असा साधारण अर्थ निघतो. नेमके रसायन कळो न कळो, तो माल कपाटात जात नाही. नवी कपाटे महिनाभर रिकामी का, असे विचारणाऱ्या विश्वस्तांना मी त्या पांढरलेल्या पट्ट्याच नेऊन दाखवते.

प्रश्न : संवर्धकांच्याच चुकांमुळे वस्तू बिघडल्याचे ऐकिवात आहे. आपण आज वापरता ते उपचार पन्नास वर्षांनी चुकीचे ठरणार नाहीत कशावरून? (एक निवृत्त रसायनशास्त्र प्राध्यापक, सोलापूर)

उत्तर : काही नक्कीच ठरतील. आपल्या जवळचे उदाहरण अजिंठ्याचे आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन जाणकारांना बोलावले. त्यांनी सुटू पाहणारे रंगाचे पोपडे बसवले, ते काम मोलाचेच होते, पण चित्रांवर लाखेचा लेपही दिला. लेप दिला तेव्हा रंग उजळले असणार आणि पाहणारे खूश झाले असणार. पुढे तोच लेप पिवळा, मग तपकिरी पडला, आणि तो उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची कित्येक वर्षे गेली. ती माणसे अडाणी नव्हती. त्यांच्या देशातल्या भिंतचित्रांवर जे ठाऊक होते ते त्यांनी इथल्या मातीच्या गिलाव्यावर, इथल्या हवेत वापरले. युरोपातही पुढे असेच झाले. १९५० नंतर भुकटी होऊ लागलेले रंग धरून ठेवण्यासाठी विद्राव्य नायलॉन लोकप्रिय झाले. त्याचे मोठे आकर्षण हे की ते हवे तेव्हा काढता येईल. काही वर्षांनी ते विरघळेनासे झाले.

इतरांच्या चुका सांगते आहे, तर स्वतःचीही सांगितली पाहिजे. उमेदवारीच्या काळात मी एक फुटका मातीचा रांजण जोडला. पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक राळेसारखे द्रव्य जगभरचे संवर्धक विश्वासाने वापरतात. ते पिवळे पडत नाही आणि ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळते. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास जोडलेला रांजण मे महिन्यापर्यंत उत्तम उभा होता. मग एका दुपारी वीज गेली, बंद खोलीत काचेच्या कपाटात तो तापला, आणि संध्याकाळी पाहते तर गळा एका बाजूला दोन बोटे घसरलेला आणि सांध्यातून द्रव्याची तार निघालेली. बी-७२ ज्या तापमानाला मऊ पडू लागते ते आहे ४० अंश सेल्सिअस. हा आकडा मी परीक्षेत लिहिला होता. मे महिन्यात इथला पारा ४० च्या वर जातो हे तर मला जन्मापासून ठाऊक होते. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहायचे मात्र राहून गेले. पुस्तकात सगळे होते, फक्त सोलापूर नव्हते.

नशिबाने सांधे ॲसिटोनने सुटले, खापऱ्या स्वच्छ झाल्या आणि ६० अंशांपर्यंत टिकणारे बी-४४ त्यात मिसळून रांजण पुन्हा जोडता आला. आपल्या प्रश्नाला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे की चूक होणार हे धरून चालायचे, आणि परत फिरता येईल असा रस्ता धरायचा. काय वापरले, किती टक्क्यांचे द्रावण केले, हवा कशी होती, शंका कोणती होती, हे लिहून ठेवायचे. अजिंठ्यानंतरच्या माणसांना लेप कशाचा हे कळायला तरी कष्ट पडू नयेत. भुकटी होणाऱ्या रंगासारख्या वस्तूंच्या बाबतीत मात्र परतीचा रस्ता फार वेळा नसतोच, एकदा आत मुरलेले द्रव्य पूर्णपणे काढता येत नाही. तिथे आम्ही पुष्कळदा काहीच करत नाही, वस्तू आडवी ठेवतो, धूळ आणि धक्का टाळतो आणि दर सहा महिन्यांनी त्याच कोनातून छायाचित्र घेतो. काही न करण्याच्या या कामाला अंदाजपत्रकात पैसे मिळवणे हे सर्वांत अवघड असते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या वेळची, चांदीची नक्षी असलेली काळी सुरई होती. दिवाळीत पाहुण्यांनी हौसेने ती पितळ घासायच्या पावडरीने लख्ख केली. आता चांदी आणि बाकीचे अंग दोन्ही सारखेच पांढरट दिसतात. काळा रंग परत येईल का? (एक गृहिणी, अक्कलकोट)

उत्तर : आपण वर्णन केल्यावरून ती बिदरी असावी, मात्र सुरई पाहिल्याशिवाय ‘असावी’ याच्यापुढे मी जाणार नाही. शेजारच्या बिदरचे कारागीर जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवून पृष्ठभाग तात्पुरता काळा करतात, नक्षी कोरून तीत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या मिश्रणाने अंग कायमचे काळे होते आणि चांदी तशीच पांढरी राहते. काळेपणा हा तिथे गंज किंवा मळ नसून कारागिराने मुद्दाम आणलेला शेवटचा हात असतो. चांदी, पितळ, तांबे यांवर काळे दिसले की घासायचे, ही आपल्या घरांतली सवय इथे नडते. पाहुण्यांना फार बोल लावू नये, शिकलेल्या माणसांनीही हे केलेले मी पाहिले आहे.

बिदरचा कारागीर पुन्हा काळा हात देऊ शकेल. पण तो आजचा काळा रंग असेल, आजोबांच्या वेळचा नव्हे, आणि संग्रहालयात मी तसे करू दिले नसते. घरातली वस्तू म्हणून निर्णय आपला आहे. तो घेण्याआधी नक्षीच्या खाचांत आणि तळाच्या कडेला जुना काळा थर शिल्लक आहे का ते उन्हात निरखून पाहा, असल्यास त्याचे छायाचित्र काढून ठेवा. तूर्त चिंच, लिंबू किंवा पावडर यांपैकी काहीही लावू नये.

प्रश्न : आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत पेंढा भरलेले पक्षी व एक कोल्हा आहे. ते किती जुने आहेत ते कोणालाच माहीत नाही. दरवर्षी शिपाई ते फडक्याने झटकतात. त्यात धोका आहे का? (एक मुख्याध्यापक, बार्शी तालुका)

उत्तर : आहे असे धरून चाला. अशा प्राण्यांच्या कातड्याला कीड लागू नये म्हणून आतून आर्सेनिकयुक्त साबण चोळण्याची पद्धत विसाव्या शतकातही बराच काळ चालू होती. नंतर डीडीटीसारखी कीटकनाशके वरून फवारली गेली. डोळ्यांनी पाहून यातले काही ओळखता येत नाही. आर्सेनिक शोधायला मात्र आपल्या विद्यार्थी-वाचकाचे एक्सआरएफ यंत्र उत्तम. जवळच्या विद्यापीठात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात ते असल्यास विनंती करावी. तपासणी होईपर्यंत झटकणे बंद करावे, हाताळावेच लागले तर हातमोजे आणि नीट बसणारा मुखपट्टा वापरावा, कपाटावर ‘विषारी असण्याची शक्यता’ अशी ठळक चिठ्ठी लावून कुलूप घालावे. ज्या शिपायांनी आजवर ते झटकले त्यांना हे स्वतः बोलावून सांगावे, आणि ते फडके पुन्हा बाके पुसायला जाऊ देऊ नये.